ताई, तुम्ही ‘थांबा’ म्हणालात म्हणून

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच ताई. पत्र मात्र उघड लिहितोय. लपवलेले फोटो पुन्हापुन्हा समोर येण्याच्या ज्या घोळात मी अडकलो होतो त्यात आज आणखी कुणीतरी अडकलेलं असेल, आणि त्याच्या हाताशी तुमच्यासारखं माणूस असेलच असं नाही.

त्या रात्री साडेनऊला तुमचा फोन आला तेव्हा माझं बोट ‘क्लियर डेटा’वर होतं. गूगल फोटोज हे फोटोंचं ॲप पूर्ण साफ करायचं आणि नव्याने टाकायचं, की सगळं ताळ्यावर येईल, असं मला दोघांनी सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. तुम्ही विचारलंत, “आत्ता नेमकं काय करताय?” मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, “थांबा. काहीही दाबू नका. लपवलेले फोटो कुठे टाकलेत ते आधी सांगा.”

मी म्हटलं, लॉक्ड फोल्डरमध्ये, म्हणजे ॲपमधल्या कुलूपबंद कप्प्यात.

“त्या फोल्डरचा बॅकअप चालू आहे?”

त्याचा बॅकअप वेगळा असतो हेच मला माहीत नव्हतं. बाकीच्या फोटोंचा बॅकअप चालू आहे म्हणजे याचाही असणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही सेटिंगपर्यंत नेलंत आणि मी वाचून दाखवलं : बंद.

पुढची पाच-सात मिनिटं तुम्ही जे समजावलंत ते मी नंतर वहीत लिहून काढलं. लॉक्ड फोल्डरचा बॅकअप बंद असेल तर आत टाकलेला फोटो फक्त त्या एका फोनवर राहतो. आधी त्याची प्रत क्लाउडवर असली तरी आत टाकताना ती तिथून काढली जाते. मग ॲपचा डेटा पुसा, ॲप अनइन्स्टॉल करा किंवा फोन फॅक्टरी रिसेट करा, आतलं सगळं जातं, आणि ट्रॅशमध्येही काही उरत नाही. गूगल फोटोजमध्ये ही सोय 2021 साली आली तेव्हा तिला बॅकअपचा पर्यायच नव्हता, तो 2023 मध्ये मिळाला. म्हणजे सुरुवातीलाच फोल्डर केलेला आणि नंतर त्या सेटिंगकडे न फिरकलेला माणूस आजही माझ्यासारखाच निर्धास्त असू शकतो.

एक बटण दाबलं असतं तर 148 फोटो गेले असते.

ते कसले फोटो होते हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन सांगितलं. इथे वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आप्पा शेवटचे सात महिने अंथरुणावर होते. टाचेला आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. रोज ड्रेसिंग बदलताना फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा : कडा लाल आहेत का, आत ओल आहे का, आकार कमी होतोय का. शेजारी कागदी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे कालच्याशी तुलना करता येते. पुष्कळ फोटोंत एका कडेला आईचा हात आहे, आप्पांचा पाय वर उचलून धरलेला. त्या हातामुळेच मला ते फोटो पुसवत नाहीत. पण त्याच आईला सकाळी टॅब हातात घेतल्यावर ती टाच समोर दिसावी, हेही मला सोसवत नव्हतं. आणि ते वरचेवर घडत होतं. टॅब चार्जिंगला लावला की त्यावर ‘आप्पा’ नावाच्या अल्बममधले फोटो आपोआप फिरतात. ते आईला फार आवडतं. त्यात मधेच एखादी जखम यायची. ती काही बोलायची नाही. टॅब पालथा घालून ठेवायची.

मी ते फोटो आधी अर्काइव्ह केले होते. माझ्या फोनवर वर-खाली सरकवताना ते दिसेनासे झाले, म्हणून काम झालं असं वाटलं. टॅबवर येतच राहिले. मग लॉक्ड फोल्डरमध्ये टाकले, तरी एकदोन येतच राहिले. ॲप बिघडलंय, या निष्कर्षावर मी आलो होतो.

तुम्ही म्हणालात, ॲप बिघडलेलं नाही, आपण ‘लपवणं’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतोय. अर्काइव्ह म्हणजे समोरच्या पसाऱ्यातून बाजूला काढणं, बस. तो फोटो ज्या अल्बममध्ये असेल तिथे राहतोच, आणि शोधलं तर सापडतोही. आणि ‘आप्पा’ अल्बम करताना त्या महिन्यांतले सगळे फोटो मीच एका दमात आत टाकले होते. टॅब तेच फिरवत होता. दुसरी गोष्ट आठवणींची. ‘या दिवशी’ म्हणून ॲप जुनं काही पुढे करतं, तिथे एखादी व्यक्ती किंवा काही तारखा दाखवू नको असं सांगता येतं. तिसरं म्हणजे कुलूप.

मी लगेच म्हटलं, मग आठवणींतून आप्पांचा चेहराच काढून टाकू.

तुम्ही क्षणभर थांबलात आणि विचारलंत, “तुम्हाला आप्पा लपवायचेत की जखम?”

ताई, हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. जखमेच्या फोटोंत बहुतेक ठिकाणी चेहराच नाही. चेहरा लपवला असता तर टाच तशीच येत राहिली असती, आणि खिडकीशी बसून हसणारे आप्पा कायमचे गेले असते. तारखा लपवाव्यात तर त्याच महिन्यांत ते खिडकीशी बसलेले आहेत. तेव्हा यंत्राला एका वाक्यात सांगून भागण्यासारखं हे काम नव्हतं. एकेक फोटो हाताने निवडावा लागणार होता. तुम्ही तसं स्पष्ट सांगितलंत आणि वर म्हणालात, “घाई नाही. आज जमेल तेवढे करू.”

आधी मात्र प्रत. लॉक्ड फोल्डरमधून सगळे बाहेर काढले, कॉम्प्युटरवर घेतले, तिथून पेन ड्राइव्हवर. तुम्ही मोजायला लावलंत. तिकडे 148, इकडे 148. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, “नुसता आकडा जुळून उपयोग नाही, मधलेच कुठले तरी तीन उघडून बघा.” मी उघडले. आईचा हात दिसला. मी बराच वेळ बोललो नाही आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. फोन चालू होता एवढंच.

याच टप्प्यावर मी म्हटलं होतं, स्क्रीन शेअर करतो, तुम्हाला सोपं जाईल. तुम्ही नको म्हणालात. “ते फोटो माझ्यापासूनही लपलेलेच राहू देत. स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.” तीन संध्याकाळी आपण असंच काम केलं. मी वाचायचो, “वर उजवीकडे तीन टिंबं, त्याखाली मूव्ह टू...” आणि तुम्ही पुढचं सांगायचात. तुमच्या डोळ्यांनी जे दहा मिनिटांत झालं असतं त्याला तासभर लागला. तो तास तुम्ही दिलात. याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला अजून सुचलेलं नाही.

पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर बॅकअप चालू केला आणि मगच फोटो पुन्हा कुलपात टाकले. आता ते अल्बममध्ये नाहीत, शोधून सापडत नाहीत, आठवणींत येत नाहीत. फोनचा पिन घातल्याशिवाय फोल्डर उघडत नाही. ज्याला पिन माहीत आहे त्याला तो उघडेलच, हेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. मला तेवढंच हवं होतं. कुणापासून गुपित ठेवायचं नव्हतं, अवचित समोर येऊ द्यायचं नव्हतं.

तरीही टॅबवर दोन ठिकाणी ते दिसतच होते, आणि माझा धीर सुटला. तुमचा सुटला नाही.

पहिलं ठिकाण सापडलं ते तुमच्या एका वाक्यामुळे : “फोटो एक असला तरी प्रती किती आहेत ते बघा.” मी ड्रेसिंगचे काही फोटो घरच्या ग्रुपवरही टाकले होते, बहिणीला कळावं म्हणून. त्या ग्रुपमध्ये आई होती. तिच्या टॅबवर ते आपोआप डाउनलोड झाले आणि गॅलरीत जाऊन बसले. माझ्या फोनवर मी काहीही लपवलं तरी त्या 31 प्रतींना त्याचा पत्ताच नव्हता. मी म्हटलं, गॅलरीत दिसणं बंद करण्याची सेटिंग आहे ना. तुम्ही सांगितलंत की व्हॉट्सॲपमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली तरी ती त्यापुढे डाउनलोड होणाऱ्या फोटोंना लागू होते, आधीच्यांना नाही. हे किती जणांना माहीत असेल?

मग पुसून टाकू का, मी विचारलं. प्रती तर सुखरूप होत्या. तुम्ही म्हणालात, “टॅब आईंचा आहे. त्यांना विचारा.”

मी विचारलं. त्या विषयावर आम्ही दोघं प्रथमच बोललो, आप्पा गेल्यानंतर. आई म्हणाली, “पुसू नकोस. पण मला दिसू देऊ नकोस.”

एवढं नेमकं उत्तर मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं, आणि मी तिला न विचारताच तिच्यासाठी सगळी खटपट करत होतो. ते 31 फोटो आपण टॅबमध्येच एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले आणि त्यात एक रिकामी फाइल ठेवली : .नोमीडिया. इंग्रजी अक्षरांत, आधी टिंब, मग नाव, पुढे काही नाही. अँड्रॉइडमध्ये अशी फाइल असलेला फोल्डर गॅलरी वगळते. फोटो जागच्या जागी असतात, फाइल मॅनेजरमधून गेलं तर सापडतात, फक्त गॅलरीत येत नाहीत. माझ्याकडून पहिल्यांदा नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटलं होतं, म्हणून काहीच फरक पडला नाही. मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवल्यावर ते तुमच्या लक्षात आलं. नाव सुधारलं, टॅब बंद करून चालू केला, आणि 31 च्या 31 गेले. फोटो हलवल्यावर ग्रुपमधून ते उघडणार नाहीत हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे नंतर धसका बसला नाही.

दुसरं ठिकाण शोधायला तिसरी संध्याकाळ गेली. एकच चित्र वारंवार येत होतं, चार फोटो जोडलेलं. ॲपने स्वतःच केलेला कोलाज होता तो, आणि आईच्या बोटाने कधीतरी तो सेव्ह झाला होता. सेव्ह झालेला कोलाज हा स्वतंत्र फोटो असतो. आतले चारही मूळ फोटो कुलपात टाकले तरी तो जसाच्या तसा राहतो. दोन चौकटींत आप्पा पेपर वाचतायत, दोन चौकटींत टाच. आईला विचारून तो मात्र पुसला, कारण पेपर वाचतानाचे दोन्ही फोटो अल्बममध्ये होतेच. ट्रॅशमधूनही लगेच काढू नका, काही दिवस राहू द्या, मन बदललं तर परत आणता येईल, हेही तुमचंच सांगणं.

बहिणीचं काम तुम्ही जाता जाता केलंत, पण तिच्यासाठी ते लहान नव्हतं. तिने आयफोनवर असेच काही फोटो हाइड केले होते आणि आता हिडन अल्बमच सापडत नव्हता. सगळं गेलं असं समजून ती दोन आठवडे गप्प होती, मलाही बोलली नव्हती. तो अल्बमच न दिसण्याची सोय 2020 च्या आयओएस 14 पासून आहे आणि तिनेच ती कधीतरी निवडली होती. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात फोटोज, तिथे ‘शो हिडन अल्बम’ चालू केलं आणि अल्बम आला, आतल्या सगळ्यांसकट. 2022 च्या आयओएस 16 पासून त्याला फेस आयडीचं किंवा पासकोडचं कुलूपही असतं, हे ऐकून ती आणखी निश्चिंत झाली. ती तुम्हाला स्वतः लिहिणार आहे.

आता पेन ड्राइव्ह कपाटात आहे, पाकिटात, वर तारीख आणि आकडा लिहून. वर्षातून एकदा उघडून बघा म्हणालात, तेही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलंय.

परवा दुपारी टॅब चार्जिंगला होता. फोटो फिरत होते. आईने आतून हाक मारली, “अरे, हा खिडकीतला कधीचा?” मी जाऊन पाहिलं. त्याच महिन्यांतला होता. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवलाय आणि बाहेर कुणाला तरी हात करतायत. मी तारीख सांगितली. ती टॅबसमोर खुर्ची ओढून बसली.

टॅब आता पालथा नसतो, ताई. तुमचे मनापासून आभार.

तुमचा,
आप्पांचा मुलगा