आधी सीट मोज, मग सभासद

पुणे,
मृग लागून आठवडा झाला

प्रिय दिनू,

पत्र मिळालं. नागपूरच्या रोइंग क्लबचं सचिवपद गळ्यात घालून घेतलंस, बरं केलंस. शेडमधल्या धूळ खाल्लेल्या बोटींचे फोटोही पाहिले. तू विचारलंस की कोणत्या बोटी घ्यायच्या आणि शंभर सभासद कसे जमवायचे. राजा, हे दोन्ही प्रश्न जरा बाजूला ठेव आणि आधी तुझ्याकडे आठवड्याला सीट किती आहेत ते मोज.

समज, दोन क्वाड, म्हणजे चौघांनी दोन-दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या आणि कॉक्स (दिशा सांभाळून हुकूम देणारा पाचवा माणूस) असलेल्या बोटी तुझ्याकडे चालू स्थितीत आहेत. सकाळच्या दोन पाळ्या धरल्या तर एका सकाळी सोळा सीट होतात, आणि आठवड्यातून चार सकाळी बोटी काढल्या तर चौसष्ट. नवा माणूस आठवड्यातून दोनदा तरी पाण्यावर गेला नाही तर त्याचा हात बसत नाही. म्हणजे बत्तीस माणसं. लग्नं, दौरे, सर्दी-पडसं धरून चाळीस घे. शंभर घेतलेस तर साठ जण काठावर उभे राहून फोटो काढतील आणि दुसऱ्या महिन्यात फिरकणार नाहीत. वर गावभर सांगतील की तिथं नंबरच लागत नाही. क्लब असे गर्दीनंच बंद पडतात. सभासद हवेत तर सीट वाढव, आणि सीट बोटीपेक्षा पाळीनं आणि कॉक्सनं स्वस्तात वाढते.

म्हणून सडपातळ, एकट्यानं वल्हवायच्या रेसिंग सिंगलच्या मागे लागू नकोस. सिंगल सव्वाआठ मीटर लांब आणि कशीबशी चौदा किलोची असते. नवखा तिच्यात बसला की पहिल्या दहा मिनिटांत पाण्यात. तुला रुंद बुडाची, फायबरची, सरावाची क्वाड लागते. ती जड असेल, हळू जाईल, पण चार नवख्यांना सावरून धरेल. एक डबल असू दे, चार आले नाहीत तर दोघांना नेता येतं. आठ जणांची एट मात्र पहिली दोन वर्षं नावालाही काढू नकोस. नऊ माणसं ठरल्या वेळी एका जागी आणणं हे नागपुरात नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, सायकल चालवण्याइतकंच कठीण आहे.

जुन्या बोटी भंगारात घालायच्या आधी तपासून घे. नाण्यानं बुडावर ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बसका आला तर आतला थर सुटलाय. अंगठ्यानं दाबून दबणारी जागा खडूनं खुणव. मग बोट स्टँडवर घेऊन हवाबंद कप्प्यात चार-पाच लिटर पाणी ओत आणि बाहेर कुठून पाझरतं ते बघ. पाझर सहसा झाकणाच्या रबरातून किंवा जोडातून असतो, आणि रबर बदलणं दोनशे-पाचशे रुपयांचं काम आहे. फायबरची दुरुस्ती इपॉक्सीनंच कर, कारण जुन्या कामावर पॉलिस्टर रेझिन धड धरत नाही. ऐंशी नंबरच्या कागदानं घास, अ‍ॅसिटोननं पूस, फाटेच्या चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर बाहेर जाईल असं दोन थरांचं कापड बसव. हार्डनर अंदाजानं ओतू नकोस, वजनकाट्यावर मोज. आणि एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे कर, एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर कालवू नकोस. चाळीस अंशांच्या वर मिश्रण डब्यातच तापून दगड होतं.

तसंच ऊन. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात भट्टी होते. बोट ठेवताना कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची, नाहीतर आतली हवा फुगून जोड उसवतो. पाण्यावर नेताना तीच झाकणं आठवणीनं घट्ट लावायची, कारण बोट उलटली तर तीच तरंगवतात. ही दोन वाक्यं शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवून घे. शेडच्या पश्चिमेला ग्रीन नेट बांध आणि वारा आरपार जाईल अशी खिडकी काढ. बोट टोकांवर टेकवू नकोस. दोन्ही बाजूंनी साधारण एक चतुर्थांश अंतरावर, पट्ट्याच्या आधारावर ठेव. क्वाड बारा-तेरा मीटरची असते, म्हणून शेड आतून पंधरा मीटर तरी हवं.

प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी बघायच्या चार गोष्टी आहेत. टोकाचा पांढरा रबरी गोळा जागेवर हवा (व्यास किमान चार सेंटिमीटर), तो नसला तर धडकेत टोक माणसाच्या पाठीत घुसतं. बोटीत बसवलेल्या बुटाच्या टाचेची दोरी अशी हवी की टाच पाच सेंटिमीटरहून जास्त उचलली जाणार नाही. बोट उलटल्यावर हात न लावता पाय निसटतो तो या दोरीमुळेच, आणि तीच सगळ्यात आधी तुटते. रिगरचे (वल्हं पेलणाऱ्या, बोटीबाहेर आलेल्या चौकटीचे) नट घट्ट हवेत, आणि बुडाखालचा पंखा (बोट सरळ ठेवणारी फिन) सरळ. वल्ह्यांचं माप म्हणशील तर नवख्यांसाठी, वल्ही ज्यांवर फिरतात त्या दोन पिनांमधलं अंतर १६० सेंटिमीटर आणि वल्ह्याचा आतला, मुठीकडचा भाग ८८ ठेव. मधे हात एकमेकांवर चढतात ते बरोबरच आहे, डावा हात वर आणि थोडा पुढे. वल्हं जड वाटतं अशी तक्रार आली तर एकूण लांबी २८६ वरून २८४ कर. वल्हं अडकवायचं गेट सीटपासून सोळा-सतरा सेंटिमीटर उंच. फार खाली असलं की लाटेत हात मांडीला अडकतो आणि वल्हं पाण्यात फसतं. नवखे यालाच घाबरून सोडतात आणि कारण सांगताना 'वेळ नाही' असं सांगतात.

आता तलाव. अंबाझरीच धरून बोलतो. २०२३ च्या सप्टेंबरमधल्या त्या रात्री तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत काय झालं ते तू बघितलंसच. तेव्हा १८७० च्या त्या बांधाला खिळा मारायचा नाही, खांब गाडायचा नाही, साखळीसुद्धा बांधायची नाही. परवानगीच्या अर्जात हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लिही, अर्ध्या शंका तिथंच मिटतात. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पूररेषेपासून ५० मीटरमध्ये कायमचं बांधकाम नको म्हटलंय, मात्र बोटींच्या धक्क्याला त्यातून वगळलंय. मानवनिर्मित तलावांना हे नियम लागतात की नाही यावर वाद घालत बसू नकोस. शेड मागे, धक्का तरंगता, हे धोरण दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

धक्क्याला प्लॅस्टिकचे ठोकळे मिळतात, पण बाजारातले बरेच पाण्यावर फूटभर उंच राहतात. मोटरबोटीला ते चालतं, रोइंगच्या बोटीचे रिगर त्याला आपटतात. पाण्यावर पंधरा-वीस सेंटिमीटरच उंच राहणारे माग. उन्हाळ्यात पातळी उतरते, म्हणून नांगराच्या साखळीला ढील ठेव आणि दर पंधरवड्याला ती बघ.

जलपर्णी हा खरा वैरी. रात्रीच्या वाऱ्यानं तिचा तवंग सरकतो, म्हणून कालचा मोकळा मार्ग आज मोकळा असेलच असं नाही. सुरक्षा बोट पहिली निघेल, मार्ग बघून येईल, मगच बाकीच्या. पंख्यात एक देठ अडकला तरी बोट एका अंगाला ओढते आणि कोचला वाटतं पोट्टे नीट ओढत नाहीत. वळणाआधी मागे हात घालून पंखा साफ करायला कॉक्सला शिकव. सगळा तलाव साफ करायच्या भरीस पडू नकोस, ते यंत्रांचं आणि महापालिकेचं काम आहे. धक्क्यापुढे तरंगता दोर टाक, तेवढं पुरे.

आणि तलाव आधी ज्यांचा आहे त्यांच्याकडे जा. ढीवर बांधव पहाटेच जाळी टाकतात आणि रोइंगचा माणूस पाठ करून पुढे जातो, तेव्हा टक्कर ठरलेली. त्यांच्या संस्थेशी बसून जाळ्यांची जागा आणि आपली गल्ली नकाशावर आख. सुरक्षा बोट चालवायला त्यांच्यातलेच दोघं पगारावर घे. कुठं खडक, कुठं बुडालेला बांबू, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. वाहतूक एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट. बोट आपल्या उजव्या काठानं चालते, म्हणजे पाठमोऱ्या वल्हेकऱ्याच्या डाव्या हाताला काठ. कॉक्स नसलेल्या बोटीत पुढच्या टोकाजवळच्या माणसानं दर पाच वल्ह्यांनी मागे वळून बघायचं. २००० मीटरची सरळ रेघ मिळत नाही म्हणून हळहळू नकोस. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येसुद्धा जागेमुळे शर्यत १५०० वर आणलीय. तुला ५०० मीटर सरळ मिळाले तरी शिकवणीला भरपूर.

पोहण्याची परीक्षा प्रत्येकाची, अपवाद नाही: कपड्यांसकट ५० मीटर आणि दोन मिनिटं तरंगणं. बोट उलटली तर बोट सोडून काठाकडे पोहायचं नाही, बोटीला धरून राहायचं. तुझी एक क्वाड पुढे झोपून बसणाऱ्या कॉक्सची दिसतेय. त्या कॉक्सला आपोआप फुगणारं जॅकेट देऊ नकोस. पाण्यात ते आत फुगलं तर तो बिळात अडकतो. ओढून फुगवायचं दे. गडगडाट ऐकू आला की सगळ्या बोटी बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात कुणी नाही. नाल्यांचं पाणी येतं, म्हणून हाताला फोड आले असतील तर चिकटपट्टी लावूनच उतरायचं, आणि बाहेर आल्यावर साबणानं हात. तर्री-पोहे त्यानंतर.

कागदाचं लवकर आटोप. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज नव्वद दिवसांत जायला हवा. मागच्या वर्षांचे बदल राहिले असतील तर तेही क्रमानं टाक, नाहीतर बँक सह्या बदलून देत नाही आणि देणगीदार हात आखडतो. थकलेले ऑडिट एकदाच बसून पूर्ण कर. डेडस्टॉक रजिस्टर नव्यानं लिही, प्रत्येक वल्ह्याला नंबर टाक. जुन्या सभासदांना मान हवा असतो, काम नको असतं. मान मोकळेपणानं दे, किल्ल्या देऊ नकोस.

भरती जून-जुलैत करू नकोस. आता लोक उत्साहानं येतील, आठवड्यात तलाव भरेल, विजा होतील, दहा दिवस बोटी निघणार नाहीत आणि ते गेले ते गेले. सप्टेंबरमध्ये जमिनीवर सुरुवात कर. दोन अर्गोमीटर (जमिनीवर वल्हवायची यंत्रं, आपले अर्ग) घेऊन व्हीएनआयटी, एलआयटी या कॉलेजांत जा, चौघांच्या टोळीला ५०० मीटरची रिले लाव. अर्गच्या पंख्याचं झाकण दहावर नेऊन दम दाखवू देऊ नकोस, ड्रॅग (यंत्र दाखवतं तो ओढीचा आकडा) ११० ते १३० च्या मधे ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी कंबर धरतात. पण सगळी भिस्त विद्यार्थ्यांवर नको, परीक्षा आणि सुट्ट्या आल्या की ते गायब. सकाळी तलावाकडे फिरायला येणारे धरमपेठ-शिवाजीनगरचे चाळिशी-पन्नाशीचे लोक तुझा कणा. ते आधीच पाचला उठतात, फी वेळेवर भरतात आणि दहा वर्षं टिकतात. 'आता या वयात?' असं कुणी म्हटलं तर दत्तू भोकनळचं नाव घे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, वल्हं हातात धरलं ते सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ ला रिओत सिंगल स्कलमध्ये तेरावा आला.

शिकवणी ऑक्टोबरच्या मध्यापासून चार आठवडे, आठ वेळा, एका गटात सोळाच जण. फुकट ठेवू नकोस. फी घे आणि सभासद झाल्यास वळती कर. पहिला दिवस जमिनीवर: अर्ग, बोट उचलणं, पोहण्याची परीक्षा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्वाडमध्ये दोघांनी वल्ही पाण्यावर सपाट ठेवून बोट सावरायची आणि दोघांनी वल्हवायचं, मग अदलाबदल. चौथ्याला चौघं एकत्र, सीट अर्धीच सरकवून. पाण्याबाहेर आलेलं वल्ह्याचं पातं मनगटानं आडवं फिरवणं सहाव्या दिवसाआधी शिकवू नकोस. कोच हौसेनं घाई करतात आणि मग चारही जण आपापल्या मनगटांकडे बघत बसतात. आठव्या दिवशी ५०० मीटर घड्याळ लावून. थंडीत उजाडायला पावणेसात होतात, तेव्हा पाळ्या तासभर पुढे सरकव, अंधारात बोट नाही.

आणि खरी गळती होते ती या आठव्या दिवसानंतर. शिकवणी संपते, माणूस सभासद होतो आणि पुढच्या रविवारी येऊन विचारतो, 'माझी बोट कोणती?' तेव्हा कुणाकडे उत्तर नसतं. शिकवणीच्या शेवटच्या दिवशीच नावानिशी चौकड्या वाच: अमुक चौघं, मंगळवार आणि शनिवार, पहिली पाळी, अमुक कॉक्स. एक जण नाही आला तर तिघं घरी परततात, म्हणून ज्याला यायचं नाही त्यानंच बदली शोधायचा, आणि बदलींची यादी बुधवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर. कॉक्सची वेगळी, निम्म्या फीची सभासदी काढ. वजनानं हलके, आवाजानं खणखणीत, निवृत्त शिक्षिका याला उत्तम. पहिला मोठा खर्च आणखी एका बोटीवर नाही, बायकांसाठी कपडे बदलायची खोली, दिवा आणि स्वच्छ संडास यावर कर. तेवढ्यानं अर्धं शहर तुझ्या यादीत येतं.

एप्रिलपासून पाण्यावर एकच पाळी, साडेसातच्या आत सगळे बाहेर. मे महिन्यात शेडऐवजी कूलर असलेल्या एखाद्या हॉलमध्ये अर्ग ने आणि चौकड्या तशाच चालू ठेव. फी वार्षिक नको, तिमाही ठेव, म्हणजे कोण गळतंय ते वर्षाअखेर न कळता तीन महिन्यांत कळतं.

पुढच्या पत्रात एवढं पाठव: दोन्ही क्वाडच्या प्रत्येक सीटला पिनांमधलं अंतर आणि गेटची उंची, वल्ह्यांची लांबी, आणि बुडाखालच्या पंख्यांचे फोटो. पिना वाकलेल्या निघाल्या तर नवे रिगर मागवायच्या आधी मला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश