मिस्त्रीकाका, कोपरे बसले!

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितेय, कारण अट तुमचीच. चार रविवार तुमच्या कारखान्यात सुतारकाम शिकण्यात काढल्यावर मी 'किती द्यायचे?' म्हणून विचारलं, तर सदऱ्यावरचा भुसा झटकत तुम्ही म्हणालात, "द्यायचं काय त्यात? उद्या कुणी विचारलं तर सांगा, दडवून ठेवू नका म्हणजे झालं." म्हणून सांगतेय, सगळ्यांदेखत.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी आले होते सागाच्या चार फळ्यांना मशीनवर रंधा मारून घ्यायला. पिशवीत आईच्या शिवणाच्या पेटीसाठी केलेला एक ड्रॉवर होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कुणाला दाखवायचा नव्हताच. कागद सुटला आणि तुम्ही "बघू" म्हणून हात पुढे केलात.

तो ड्रॉवर म्हणजे माझी तीन महिन्यांची लाज होती. जुनं टेबल सॉ घेतलेलं, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येतं ती करवत, दहा इंची पात्याची. त्यावर बॉक्स जॉइंटचा जिग, म्हणजे काप सारखे यावेत म्हणून फळी धरणारा साचा, मी स्वतः बनवला होता. बॉक्स जॉइंट म्हणजे कोपऱ्यात दोन फळ्यांची बोटं एकमेकांत अडकतात तो सांधा. बारा मिलिमीटर जाडीच्या, शंभर मिलिमीटर उंचीच्या फळीला सोळा बोटं. मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे डिजिटल व्हर्नियरने प्रत्येक माप दोन दशांश स्थळांपर्यंत वहीत लिहिलेलं. तरीही पहिली पाच-सहा बोटं छान बसायची, दहाव्याला कुरकुर सुरू व्हायची आणि शेवटचं बोट जवळजवळ अर्ध्याने सरकलेलं असायचं. माझी समजूत अशी, की मापात बारीकशी चूक आहे आणि ती व्याजासारखी साठत जाते.

तुम्ही वही बघितलीही नाहीत. "ते काय केलंय ते आणा," म्हणालात. पुढच्या रविवारी जिग घेऊन आले, तर त्यातला दात चिमटीत धरून हलवलात. (कापलेली खाच या दातावर चढवायची, की पुढची खाच ठरल्या अंतरावर येते.) दात पक्का होता. मग मीच कापलेली एक खाच त्यावर बसवून फळी डावी-उजवीकडे ढकललीत. ढिली! कागदाच्या जाडीइतकी, पण ढिली. "ताई, सुरुवातीची बसतात आन् शेवटची बसत नाहीत, म्हंजे खाच दातावर खेळतीय. एकदा इकडं रेटता, एकदा तिकडं. सगळीच घट्ट आली असती तर अंतर चुकलंय म्हटलं असतं."

हे दोन रोग वेगळे असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा पटलं. दात आणि पातं यांच्यातलं अंतर जास्त झालं, तर सोळाही बोटं सारखीच जाड होतात. दोन्ही फळ्या त्याच जिगवर कापलेल्या असल्यामुळे त्यांची चाल एकच राहते, चूक साठत नाही, फक्त सांधा हातोडीशिवाय आत जात नाही. अंतर कमी पडलं तर तो खुळखुळतो. पण दातच खाचेपेक्षा बारीक असेल, तर दर खेपेला फळी वेगळ्या जागी बसते आणि मग मात्र काही खरं नाही.

मग तुम्ही दात करायला शिकवलात. मी म्हटलं, पात्याची चीर, म्हणजे ते कापताना जेवढं लाकूड खातं ती रुंदी, ३.१८ मिलिमीटर. तुम्ही म्हणालात, एक सूत. बरोबरच होतं, इंचाचे आठ सूत, त्यातला एक. पण लगेच पुढे, "सूत म्हणून कापू नका. पात्यालाच विचारा." टाकाऊ लाकडात एक चीर मारायची, सुक्या सागाची काडी रंध्याने उतरवत न्यायची आणि ती त्या चिरेत बोटाच्या दाबाने सरकेल, पण लाकूड उलटं धरलं तरी पडणार नाही, इथे थांबायचं. ती काडी मधोमध कापायची. अर्धी जिगमध्ये दात म्हणून चिकटवायची, उरलेली अर्धी दात आणि पातं यांच्यामध्ये धरून अंतर लावायचं. संपलं. वही नाही, व्हर्नियर नाही. आणि हो, पात्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे झुकलेले असतात, तर काडी टेकवायची ती जिगमधल्या दाताच्या बाजूला झुकलेल्या टोकाला. (मी आधी पात्याच्या अंगालाच टेकवली होती. सगळी बोटं ढिली.)

दुसऱ्या फळीची सुरुवात कुठून करायची यात मी दोन फळ्या वाया घालवल्या होत्या. पहिली फळी दाताला भिडवून कापायची. झाल्यावर ती उलटवून तिची पहिली खाच दातावर चढवायची आणि दुसरी फळी तिच्या कडेला टेकवून पहिला काप घ्यायचा. तुम्ही हे तोंडाने एकदाही सांगितलं नाहीत, तीनदा करून दाखवलंत. पातं फळीच्या जाडीपेक्षा केसभर वर ठेवायचं आणि बाहेर आलेली टोकं नंतर घासून काढायची, हेही तसंच. खाचेच्या तळाला सशाच्या कानांसारखी दोन टोकं राहतात, त्यांना पटाशी. काप जिथे बाहेर पडतो तिथे लाकूड उचकटू नये म्हणून मागे एक टाकाऊ फळी, जिला मी घरी बळीचा बकरा म्हणते.

पाटाचा रविवार मात्र मला सगळ्यात जास्त आवडला. मी ज्याला स्लेड म्हणते त्याला तुम्ही पाट म्हणता. टेबलाच्या खोबणीत सरकणाऱ्या पाटाची मागची पट्टी काटकोनात आहे का, हे गुण्या लावून बघायचं, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही एक रुंद फळी कापलीत, दोन तुकड्यांतला एक पालथा केलात आणि कापलेल्या कडा पुन्हा जोडल्यात. वरच्या टोकाला फट. पट्टी जेवढी वाकडी, त्याच्या दुप्पट ती फट दिसते. मी भाव खात पाच कापांची रीत काढली. चौकोनी तुकड्याच्या चार बाजू ओळीने फिरवत कापायच्या, पाचव्या कापाला निघणारी पट्टी दोन्ही टोकांना मोजायची. तिथे चूक चौपट होऊन येते. माझी ती निघालेली पट्टी चारशे मिलिमीटर लांब, टोकांत फरक ०.८. चारने भागून ०.२. पाटाच्या मागच्या पट्टीचा सरकवायचा स्क्रू दुसऱ्या, पक्क्या स्क्रूपासून सहाशेवर होता, म्हणजे तिथे ०.३ सरकवायला हवं. हा हिशेब मी भुशात बोटाने करत होते तोवर तुम्ही बिलबुकातले दोन कागद पट्टीच्या मागे सारून, कापून, पुन्हा पालथा करून बघून, तिसरा कागद सारलाही होतात. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा. मी काही बोलले नाही. तुम्ही चहा मागवलात.

पाटाच्या मागे, पातं जिथे पट्टीतून बाहेर येतं, तिथे ठोकळा चिकटवल्याशिवाय तुम्ही मला मशीन चालू करू दिलं नाहीत. बॉक्स जॉइंटसारख्या अर्धवट खोल कापांना पात्यावरचं झाकण आणि, पात्याहून उंच असेल तर, मागची पातळ सुरी काढावी लागते, म्हणजे पातं उघडं. त्यात दोन्ही अंगठे पट्टीला मागून धरायची मला सवय, आणि ढकलण्याच्या भरात पातं नेमकं तिथूनच बाहेर येतं. त्या ठोकळ्यावरून तुम्ही माझ्यावर ओरडलात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. राग आला होता, सांगून टाकते. आता घरच्या चारही जिगना तसे ठोकळे आहेत.

चार म्हणजे बॉक्स जॉइंटचा हा, पाट, टेबलाच्या आडपट्टीवर घोड्यावर बसल्यासारखा बसून फळी उभी धरणारा कुसू (खाचेत घुसणारी जीभ) कापायचा, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात चिपा (सांधा पक्का करणाऱ्या पातळ पट्ट्या) घालायचा पंचेचाळीस अंशांचा पाळणा. तुमच्या शब्दांत चारही फर्मेच. शेवटचे दोन तुमच्या मदतीशिवाय जमले, पण काडीची युक्ती दोन्हीत आहे.

एका बाबतीत मात्र माझं खरं ठरलं. खोबणीत सरकायच्या पट्ट्या सागाच्याच हव्यात असा तुमचा हट्ट होता. सहा सुती खोबण, त्यात सहा सुती साग, वर मेणबत्ती घासलेली. मे महिन्यात लोण्यासारखा पाट सरकायचा. जुलैत तो असा अडकला की ओढून काढावा लागला. पाटाचं अठरा मिलिमीटरचं प्लाय जागचं हललं नव्हतं, फुगला तो तुमचा साग. आता तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. दात अजून सागाचाच आहे, तेवढा पावसाळ्यात पुन्हा चिरेत घालून बघते.

बाजारात हे सगळे फर्मे तयार मिळतात, चांगलेही असतात, आणि ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत. मला चार रविवार परवडले.

शिवणाच्या पेटीचे सहाही ड्रॉवर झाले. आईने पहिल्यात बॉबिन ठेवले आणि कोपऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ड्रॉवर उघडतो-मिटतो ना, बास. म्हणून तुम्हाला फोन केला. मशीनचा आवाज चालू होता, मी ओरडून सांगितलं, "काका, बोटं बसली एकदम!"

तुम्ही मशीन बंद केलंत. "कुठली?" विचारलंत. "लाकडाची," म्हटल्यावर, "मग ठीक," म्हणून पुन्हा चालू केलंत.

दिवाळीआधी येते. सातव्या ड्रॉवरला साग कमी पडलाय.

आपली,
गुंडाळलेल्या ड्रॉवरवाली ताई