वळिवड्याची आठवण ठेवूया

संपादक महोदय,

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. त्या बातम्या आता आतल्या पानावर गेल्या, पण पोलंडची मदत थांबलेली नाही. जवळपास दहा लाख युक्रेनियन अजून तिथे आश्रयाला आहेत. आम्हा निपाणीकरांना याचं नवल वाटू नये. १९४३ ते १९४८ या काळात इथून जवळच, कोल्हापूरशेजारच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. परागंदा होणं म्हणजे काय, हे त्या देशाला ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये हावेरीचा वैद्यकीय विद्यार्थी खारकीव्हमधल्या गोळीबारात गेला, तेव्हा आपणही हळहळलो होतो. नंतर विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं. सीमाभागातल्या शाळांनी मुलांना एकदा तरी वळिवड्याला न्यावं.

– एक वाचक, निपाणी