घराचं ठरलं, बाबा

ती. बाबा आणि आईस शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं कर्ज डोक्यावर घेऊन झोप लागते का गं?" नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहून राहिली आहे.

कर्ज अडीच लाख डॉलर, व्याज साडेसहा टक्के. पहिल्याच वर्षी व्याजाचे १६,००० जातात. तो आकडा पाहून मीही दोन दिवस गप्प होते. मग बँकेतल्या बाईंनी एमसीसीचं, म्हणजे मॉर्टगेज क्रेडिट सर्टिफिकेटचं सांगितलं. १९८४ च्या इथल्या, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली सोय आहे. प्रमाणपत्र देते ती राज्याची किंवा गावची गृहनिर्माण संस्था. आमचा दर व्याजाच्या २० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ३,२०० डॉलर सरळ करातून कमी. बाबा, फरक तुमच्या लगेच लक्षात येईल: आपल्या जुन्या करप्रणालीत दोन लाख व्याज उत्पन्नातून वजा होतं, २० टक्क्यांच्या स्लॅबात वाचतात चाळीस हजार. इथे ते ३,२०० भरायच्या करातूनच उतरतात. पगारातली करकपात तेवढी कमी करून घेतली, की दर महिन्याच्या हप्त्याला अडीचशेच्या वर हातभार लागतो. म्हणून झोप लागते.

अटी आहेत. गेल्या तीन वर्षांत स्वतःचं राहतं घर नसावं, उत्पन्नाला आणि किमतीला मर्यादा, घरात स्वतः राहायचं. नऊ वर्षांच्या आत नफ्याने विकलं आणि मिळकतही वाढलेली असली, तर काही लाभ परत द्यावा लागू शकतो. आम्हाला कुठे विकायचंय!

पण प्रमाणपत्रासाठी अर्ज कर्जाच्या सह्यांआधीच करावा लागतो. माझ्या ऑफिसातली एक जण सह्या झाल्यावर चौकशीला गेली. कोणी आधी सांगितलंच नव्हतं तिला. कर्ज फिटेपर्यंतची सवलत गेली, फार वाईट वाटलं.

म्हणून आपल्या राजूची काळजी वाटते, तोही फ्लॅट घेतोय ना. नागपूरच्या बेसाचा तो फ्लॅट ३५ लाखांच्या आत असेल, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि दोघांची वार्षिक मिळकत ९ लाखांच्या आत, तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० चं व्याज अनुदान त्याला मिळू शकतं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १.८० लाखांपर्यंत. आपलं राहतं घर तुमच्या नावावर आहे म्हणून तो अडू नये. लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं धरतात. पण त्याच्या किंवा वहिनीच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको.

बिल्डरला चेक देण्याआधी त्याला बँकेत पाठवा. अर्जाची पावती मात्र तुम्ही स्वतः पाहा, तो विसरतो.

तुमची,
बेबी