माननीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र: सोलापूरचा धूर पहाटे मोजा

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सोलापूरच्या पूर्व भागातील छोटे बॉयलर आणि त्यांच्या तपासणीची वेळ

स. न. वि. वि.

सोलापुरात 'चिमणी' म्हटलं की आजही विमानतळाचा वाद निघतो. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. ती विमानांच्या वाटेत येते म्हणून त्याआधी कित्येक वर्षं शहर तिच्या उंचीवर भांडलं. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि नीलम नगर पट्ट्यातल्या सायझिंग-डाइंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारखान्यांच्या, बॉयलरच्या ठेंगण्या चिमण्यांवर मात्र कुणी भांडत नाही. या पत्रात त्यांच्याबद्दलच लिहीत आहोत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे. २०१७-१८ च्या तुलनेत पीएम १० चं (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं) प्रमाण २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांनी खाली आणायचं, हे त्यात ठरवलेलं उद्दिष्ट. मोजमाप पीएम १० वर म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष रस्त्याच्या धुळीकडे जाणारच. धूळ आहेच: पाऊस बेताचा, रस्त्यांच्या कडा कच्च्या, वर खराट्याने कोरडं झाडणं. पण भट्टीचा धूर बहुतांशी पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) आणि त्याहून बारीक. वजनात तो थोडा भरतो, म्हणून पीएम १० च्या आकड्यात लपतो; छातीत मात्र धुळीपेक्षा खोल जातो.

हा धूर सर्वांत जास्त निघतो तो भट्टी पेटवताना. लाकडाखालची जाळी थंड, भट्टीच्या भिंती थंड, चिमणीला धूर वर खेचणारी ओढ नाही. फायरमनला (भट्टी सांभाळणाऱ्याला) पाळी सुरू व्हायच्या आत वाफेचं प्रेशर हवं असतं, म्हणून तो लाकूड एकदम कोंबतो. लाकूड उघड्यावर भिजलेलं असेल तर आग आधी पाणी उडवण्यातच खर्च होते. तासाला एक टन वाफेसाठी सुकं लाकूड साधारण २७५ किलो लागतं. निम्मं पाणी असलेलं लाकूड ४०० च्या पुढे जातं. पेट धरत नाही म्हणून त्यात चिंध्या, सुताचा कचरा, कधी प्लास्टिकही जातं. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो आणि थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो. तो धूर वर न जाता घरांच्या खिडक्यांपाशी रेंगाळतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बहुधा दिवसा येतात. तोवर भट्टी लाल झालेली असते आणि चिमणीतून जेमतेम पांढुरकी रेघ निघत असते. शहरातलं हाताने होणारं हवामापन आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला किमान १०४ वेळा. त्यात धुळीचे फिल्टर आठ-आठ तासांनी बदलतात. पहाटेचा दीड तास त्या आठ तासांत विरून जातो.

चिमणीतलं मापनही नीट बघावं लागतं. नमुना घ्यायचं भोक शेवटच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर हवं. व्यास ६० सेंटिमीटर असेल तर ४.८ मीटर. वळणाला लागून भोक पाडलं तर राख बाहेरच्या भिंतीकडे फेकली जाते आणि मध्ये धरलेल्या नमुन्याच्या नळीत स्वच्छ हवा येते. नळीतली ओढ धुराच्या वेगापेक्षा जास्त ठेवली तरी जड कण चुकतात आणि आकडा कमी येतो.

सायक्लोन (धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारं नरसाळं) बसवला की काम झालं असं मानलं जातं. मुळात त्यात जाड राखच पडते, बारीक धूर सुटतोच. तीही पडायची तर राख काढायचं खालचं झाकण, म्हणजे फ्लॅप, घट्ट हवा. रबर झिजलं किंवा राखेचा खडा अडकला की खालून हवा आत ओढली जाते आणि पडलेली राख पुन्हा उचलून चिमणीत जाते. परीक्षा अगदी सोपी: आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) चालू असताना पेटलेली उदबत्ती फ्लॅपपाशी धरा. तिचा धूर आत वळला तर सायक्लोन नावालाच आहे. बॅग फिल्टरचं, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या यंत्राचं, दुखणं निराळं. भट्टी पेटवताना ओलसर वायूने पिशव्यांवर लगदा बसू नये म्हणून फिल्टर टाळून धूर थेट चिमणीत सोडणारी वाट, म्हणजे बायपास, उघडतात, ते ठीक. पण नंतर तो बंद करायचं राहून जातं. बायपास किती वाजता उघडला आणि मिटला, याची नोंद आपोआप होईल असं साधं यंत्र बसवता येतं.

एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प, तुळजापूर रस्त्याचा कचरा डेपो हे विषय मोठे आहेत. ते इथे घेत नाही.

आमचं मागणं एवढंच. मंडळ कारखान्याला देतं त्या संमतीपत्रात भट्टी पेटवण्याच्या तासाभरातली तपासणी घाला. लाकडावर छप्पर आणि ओलावा २० टक्क्यांच्या आत, ही अट लिहा. चिंध्या जाळल्या की नाही ते राखेच्या ढिगात दिसतं, तो ढीगही तपासायला सांगा. आणि एमआयडीसीत सामाईक वाफेचा विचार करा: दहा-पंधरा छोट्या भट्ट्यांऐवजी एक मोठा बॉयलर, चांगला फिल्टर, जाडसर इन्सुलेशनची पाइपलाइन. सुरतजवळच्या सचिन वसाहतीत अशी वाफ विकत मिळते. छोट्या कारखानदाराला फिल्टरचा खर्च झेपत नाही, वाफेचं बिल झेपेल. दर मात्र आधी ठरायला हवा, नाहीतर कुणी जोडणी घेणार नाही.

पहिली तपासणी डिसेंबरात, न कळवता, पहाटे पाचला व्हावी. माणसाला अंधारात चिमणीवर चढवण्याआधी शिडीला कठडा आहे का, तेवढं बघायला सांगा. बऱ्याच ठिकाणी नसतो.

आपले,
बॉयलर, डाइंग आणि धूरमापनाच्या कामातले काही सोलापूरकर