नुसते ‘फिट’ लिहून भागत नाही: आरोग्यमंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय लोक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: परदेशात स्वयंसेवेसाठी जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व लसीकरण सरकारी दरात आणि एकाच ठिकाणी होण्याबाबत

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

इंदूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या नर्स, शिक्षक, कृषी पदवीधर आणि पाणीपुरवठ्यातले इंजिनियर अशा मंडळींना परदेशात, विशेषतः आफ्रिकेत, स्वयंसेवक म्हणून काम करायची इच्छा असते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 साली सुरू झाला आणि आता जर्मनीतल्या बॉन शहरातून चालतो; त्याखेरीज इतर संस्थाही माणसे पाठवतात. निवड झाली तरी ती सशर्त असते. वैद्यकीय मंजुरी आली तरच जाणे पक्के होते. स्वयंसेवकाला पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो, आणि तपासण्यांचा खर्च हा भत्ता सुरू होण्याआधी, घरच्या पैशातून करावा लागतो. स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी अमेरिकेची पीस कोअर ही सरकारी संस्थासुद्धा आपल्या स्वयंसेवकांना या खर्चाचा ठरावीक भागच परत देते, बाकीचा त्यांचा त्यांनाच सोसावा लागतो.

इंदूरमध्ये या तपासण्या होत नाहीत असे नाही. एम.वाय. हॉस्पिटल, एमजीएम मेडिकल कॉलेज आणि शासकीय दंत महाविद्यालय मिळून जवळजवळ सगळे करू शकतात. रक्त, एक्स-रे, ईसीजी, दात, डोळे, मानसोपचार, सगळे विभाग आहेत. नाही ते एवढेच की या सगळ्याला बांधणारा एक कागद, त्यावर सही करणारा एक अधिकारी आणि भिंतीवर लावलेला दर. म्हणून माणूस खिडक्या फिरतो, कंटाळतो आणि खासगी लॅबचे ‘फुल बॉडी चेकअप’ घेऊन टाकतो.

त्या पॅकेजची गंमत नाही, नुकसान आहे. त्यात व्हिटॅमिन डी असते, बी-12 असते, थायरॉइडचे तीन आकडे असतात. पाठवणाऱ्या संस्थेच्या फॉर्ममध्ये विचारलेली हिपॅटायटिस बी ची अँटिबॉडी पातळी, कांजिण्या व गोवराची आयजीजी (जुन्या संसर्गाने किंवा लसीने तयार झालेली अँटिबॉडी) किंवा जी-6-पीडी त्यात बहुधा नसते. पैसे भरूनही फॉर्ममधले रकाने रिकामेच राहतात आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. जी-6-पीडी कशाला, असे लॅबवालेही विचारतात. जी-6-पीडी हे रक्तातले एन्झाइम; मलेरियाच्या मुळावर घाव घालणारे प्रायमाक्विन हे औषध त्याची कमतरता असलेल्याला दिले तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. आपल्याकडे नोकरीसाठी जे ‘स्वस्थता प्रमाणपत्र’ मिळते त्यात एक ओळ असते: अमुक व्यक्ती शारीरिकदृष्ट्या योग्य आहे. बहुतेक वेळा हिंदीत. परदेशी संस्थेच्या मेडिकल डेस्कला त्या ओळीचा काही उपयोग नसतो. त्यांना प्रत्येक तपासणीची तारीख, आकडा, एकक, लॅबची सामान्य मर्यादा, डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का लागतो, तोही इंग्रजीत. लसीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पिवळ्या पुस्तिकेचा तर नियमच आहे की नोंद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवी. सोबत तिसरी भाषा चालते, पण एकटी नाही. पासपोर्टवर ‘कुलकर्णी’चे जे स्पेलिंग आहे तेच पुस्तिकेत हवे, बॅच नंबर हवा, शिक्का वाचता यायला हवा. यातले एक जरी चुकले तर विमानतळावर लस घेतली नाही असेच धरले जाते.

आता तपासण्यांच्या क्रमाबद्दल. सगळ्यात जास्त पैसा आणि दिवस इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात आधी. संस्थेला बहुधा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे लागतो. त्यात किडलेली दाढ किंवा आडवी आलेली अक्कलदाढ दिसली की रूट कॅनाल किंवा काढणे आले, आणि त्याच्या दोन-चार बैठका होतात. लोक दात शेवटी ठेवतात आणि मंजुरी तिथेच अडकते.

मग रक्त, पण लस घेण्याआधी. हिपॅटायटिस बी ची लस टोचल्यावर काही दिवस, कधीकधी अडीच आठवड्यांपर्यंत, एचबीएसएजी ही त्या विषाणूचा अंश रक्तात शोधणारी तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस आधी आणि रक्त मागून, असे झाले की निरोगी माणसाच्या कागदावर कावीळ लिहिली जाते आणि ती पुसायला महिना जातो. हिपॅटायटिस ए ची आयजीजीही याच वेळी करावी. आपल्याकडच्या बऱ्याच प्रौढांना लहानपणीच हा संसर्ग होऊन गेलेला असतो. आयजीजी पॉझिटिव्ह आली तर लसीच्या दोन डोसांचे पैसे वाचतात.

क्षयाची तपासणी त्यानंतर. मॅन्टूची, म्हणजे कातडीत टोचून करायची, चाचणी टोचल्यावर 48 ते 72 तासांत वाचायची असते. शुक्रवारी सकाळी टोचले की 48 तास रविवारी भरतात, ओपीडी बंद. सोमवारी नंबर उशिरा लागला तर 72 तास उलटलेले असतात. अलिराजपूर किंवा बडवानीहून आलेल्याचा दुसरा फेरा फुकट. शिवाय गोवराची लस आधी दिली असेल तर मॅन्टू दबते आणि खोटी निगेटिव्ह येते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी किंवा मॅन्टू आधी, नाहीतर चार आठवडे थांबा. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांत मॅन्टू फुगणे नवीन नाही. अशा वेळी छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर इग्रा ही रक्ततपासणी करून नेमका प्रश्न सोडवावा. थेट ‘क्षय संशयित’ लिहून माणसाला घरी पाठवू नये.

लसींचे गणित तर आठवड्यावरच बसवलेले आहे. कुत्रा चावण्याआधीची रेबीजची लस 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. हिपॅटायटिस बी चा घाईचा क्रम 0, 7, 21 आणि वर्षाने चौथा डोस. दोन जिवंत लसी (कमजोर केलेल्या जिवंत जंतूंच्या, जशी गोवराची) एकाच दिवशी द्याव्यात, ते जमले नाही तर मध्ये 28 दिवसांचे अंतर. या सगळ्यासाठी एक कक्ष आणि त्याला आठवड्यातून एकच सकाळ, समजा सोमवार, ठेवली तर हे सगळे दिवस आपोआप सोमवारी पडतात आणि सोमवारी टोचलेली मॅन्टू बुधवारी-गुरुवारी वाचता येते. म्हणजे रोज चालणारा नवा विभाग आम्ही मागतच नाही.

एकाच दिवशी लोक बोलावल्याचा दुसरा फायदा कुपीत आहे. रेबीजची लस कातडीत दिली तर एका वेळेला 0.1 मिली पुरते, आणि 1 मिलीच्या कुपीत सांडलवंड धरूनही आठ जणांचे काम होते. पण कुपी उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते. एकटा माणूस आला तर उरलेली फेकावी लागते, म्हणून त्याला पूर्ण कुपीचे पैसे पडतात. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचेही तेच. ती केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, कुपी अनेक डोसांची असते आणि उघडल्यावर सहा तासांत वापरावी लागते, त्यामुळे ठरावीक दिवशी नाव नोंदवूनच जावे लागते. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि 2016 पासून ते जन्मभर चालते. तिकीट हातात आल्यावर धावपळ करणारे नेमके या दहा दिवसांत सापडतात. साठीच्या पुढचे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, यांना ती देण्याआधी डॉक्टरांनी नीट बसून बोलायला हवे. रांगेतल्या अर्ध्या मिनिटाचे ते काम नाही.

लस स्वतः आणायला सांगण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. माणूस दवा बाजारातून कुपी घेतो, दुकानदार पिशवीत बर्फाचे तुकडे भरून देतो आणि लस बर्फाला चिकटून गोठते. हिपॅटायटिस बी आणि टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) एकदा गोठल्या की निकामी होतात. दिसायला तशाच दिसतात, टोचल्या जातात, आणि अँटिबॉडी तयार होत नाही. या लसींना 2 ते 8 अंश तापमान लागते, त्यापेक्षा थंडही चालत नाही. राज्याच्या आरोग्य सेवा महामंडळाच्या दर-करारातून खरेदी करून लस कक्षातच ठेवली तर पैसाही वाचेल आणि लसही.

जे मोफत आहे ते मोफतच राहावे. टीडी, काही देशांसाठी निघण्याआधी किमान चार आठवडे लागणारा पोलिओचा डोस, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, यांचे पैसे पॅकेजमध्ये घुसवू नयेत. सिकल सेलबद्दल एक विनंती: झाबुआ-अलिराजपूरकडची मुले या कामात पुढे येत आहेत, आणि ‘वाहक’ म्हणजे ‘रुग्ण’ समजून त्यांना अपात्र लिहिले जाऊ नये. साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करून वाहक की रुग्ण ते स्पष्ट लिहावे. एचआयव्ही तपासणीला 2017 च्या कायद्याप्रमाणे संमती आणि आधी-नंतर समुपदेशन लागते. कक्षात घाईघाईत रक्त काढताना ते सुटता कामा नये.

ज्यांना जुना आजार आहे त्यांच्या बाबतीत ‘फिट’ हा शब्द उपयोगाचा तर नाहीच, उलट घातक आहे. मधुमेह, दमा, थायरॉइड किंवा नैराश्यावर उपचार चालू असलेला माणूस नापास होतोच असे नाही. बाहेरच्या संस्थेला हवे असते ते तज्ज्ञाचे एक पानी पत्र: निदान काय, औषध व मात्रा काय, ती किती महिने बदललेली नाही, किती दिवसांनी कोणती तपासणी लागेल, औषध थंड ठेवावे लागते का, आणि काय झाले तर माणसाला परत आणावे लागेल. असे पत्र असले की त्याला योग्य सोय असलेल्या गावी पाठवता येते. ते नसले की तो आजार लपवतो. मग मेफ्लोक्विनसारखे मलेरियाचे औषध, जे मानसिक आजाराच्या इतिहासात टाळायचे असते, नेमके त्यालाच दिले जाते. अशा माणसाला जवळचा डॉक्टर शेकडो किलोमीटरवर असेल तिथे पाठवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. पत्र देणारा डॉक्टर त्याला खरे बोलायला जागा देतो. ही जागा सरकारी हॉस्पिटलने द्यावी असे आम्हांला मनापासून वाटते.

काही छोट्या गोष्टी. पाळी चालू असताना लघवी तपासू नये, रक्त दिसते आणि पुन्हा बोलावले जाते. रक्तदाब रांगेतून आल्या आल्या एकदाच मोजून लिहू नये, बसवून दोन-तीनदा मोजावा. हिमोग्लोबिन कमी आले तर ‘अपात्र’ न लिहिता लोहाच्या गोळ्या देऊन तपासणीची पुढची तारीख द्यावी.

महोदय, याला पूर्वोदाहरण आपल्याच विभागात आहे. अमरनाथ यात्रेच्या आरोग्य प्रमाणपत्रासाठी ठरलेला फॉर्म असतो आणि ते देणाऱ्या डॉक्टरांची व संस्थांची राज्यवार यादी निघते. हज यात्रेकरूंना जिल्ह्यात शिबिर भरवून मेंदुज्वराची लस आणि पोलिओचा डोस दिला जातो, कार्डावर नोंद होते. दोन्हीकडे फॉर्म ठरलेला, माणूस नेमलेला, दिवस ठरलेला. हेच स्वयंसेवकांसाठी करायचे आहे. पूर्वी मेडिकल कॉलेज एका खात्याचे आणि जिल्हा हॉस्पिटल दुसऱ्याचे, म्हणून फाइल अडायची. आता दोन्ही आपल्याच विभागात आहेत आणि एका सहीने काम होते.

आदेशात आम्हांला हवे ते असे. एम.वाय.मध्ये कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या ताब्यात सोमवारी सकाळी कक्ष, त्याचा एक नोडल डॉक्टर, हिंदी-इंग्रजी दोन्हीत छापलेला फॉर्म. दर तपासणीनिहाय, भिंतीवर लावलेला. संस्थेच्या यादीत जे आहे तेवढेच करायचे, पॅकेज नाही. दंत महाविद्यालयात या फॉर्मवर आलेल्यांना ओपीजीची तारीख त्याच आठवड्यात. पहिल्याच भेटीत प्रत्येकाला लसींचे लेखी वेळापत्रक, निघण्याच्या तारखेपासून दहा आठवडे मागे मोजून. आणि ज्या देशांचा व्हिसा फक्त त्यांनी नेमलेल्या पॅनल डॉक्टरांची तपासणी मानतो, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया त्यांत आले, तिथे जाणाऱ्याला पहिल्याच दिवशी तसे सांगून टाकावे, म्हणजे त्याचे पैसे दोनदा जाणार नाहीत. अंतिम मंजुरी पाठवणारी संस्थाच देते. कक्षाने ती देऊ नये, खरे आकडे द्यावेत.

या पत्राची हिंदी प्रत आणि फॉर्मचा आम्ही तयार केलेला नमुना कलेक्टर कार्यालयातल्या मंगळवारच्या जनसुनवाईत देत आहोत. नमुना चार पानांचा आहे: पहिल्यावर तपासण्या, दुसऱ्यावर लसी, तिसऱ्यावर दात व डोळे, चौथे जुन्या आजाराच्या पत्रासाठी. त्यात आपल्या अधिकाऱ्यांनी हवे ते बदल करावेत. तारीख, एकक आणि नोंदणी क्रमांक हे तीन रकाने मात्र काढू नयेत.

आपले,
स्वयंसेवकांचे वैद्यकीय कागद तपासून देणारे इंदूरचे काही डॉक्टर, परिचारिका व लॅब टेक्निशियन