हुर्यो दोन मोसम, माफी चार वर्षांनी

महोदय,

प्रेक्षकांच्या शिवीगाळीचा विषय निघाला की ‘मैदानात एवढं चालायचंच’ म्हणणारे हमखास भेटतात. त्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉल (आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा, तिथला खास खेळ) खेळणाऱ्या ॲडम गुड्सची कारकीर्द जरूर पाहावी.

सिडनी स्वान्स या क्लबकडून तो १९९९ ते २०१५ दरम्यान ३७२ सामने खेळला. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक त्याने दोनदा पटकावले, दोन विजेतेपदांत त्याचा वाटा होता. २०१२च्या अंतिम सामन्यात दुसऱ्याच सत्रात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला. तरी तो मैदानात राहिला, शेवटच्या सत्रात त्याने गोल केला आणि हॉथॉर्नविरुद्ध संघ १० गुणांनी जिंकला.

गुड्स तिथल्या मूळ आदिवासी समाजातला. मे २०१३मध्ये मेलबर्नला सीमारेषेजवळ त्याला ‘एप’ (वानर) अशी हाक ऐकू आली. तो थांबला, वळला आणि स्टँडकडे बोट दाखवले. हाक मारणारी मुलगी १३ वर्षांची निघाली. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितले, तिला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे. याहून समंजस कोणी काय वागावे? पण पुढे मैदानोमैदानी त्याची हुर्यो उडू लागली. २०१५मध्ये गोलनंतर त्याने आदिवासी युद्धनृत्याचे चार ठेके धरले, भाला फेकल्याचा अभिनय केला, तर तेही लोकांना झोंबले. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

माझा राग त्या प्रेक्षकांपेक्षा एएफएल या तिथल्या फुटबॉल लीगवर जास्त आहे. हुर्यो वंशद्वेषातूनच होते, हे वेळेवर ठणकावून सांगायचे काम तिचे होते. तिने आणि १८ क्लबांनी माफी मागितली ती २०१९मध्ये! २०२१मध्ये देऊ केलेला ‘हॉल ऑफ फेम’चा मान गुड्सने नाकारला, ते योग्यच झाले.

हे सारे परक्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. २००७मध्ये आपल्या वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला माकडचेष्टा करून डिवचले गेले होते. आणि जानेवारी २०२१मध्ये, गुड्सच्या घरच्या सिडनी मैदानावर, मोहम्मद सिराजला शेरेबाजी ऐकावी लागली. तिथे कर्णधार अजिंक्य रहाणेने सिराजसह लगेच पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढले गेले. सिराज एकटा पडला नाही.

आपल्या क्रिकेट संघटनांनी प्रत्येक सामन्यापूर्वी, अशी शेरेबाजी कानावर आल्यास शेजारच्या प्रेक्षकाने कोणाकडे आणि कशी तक्रार करायची, हे ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगावे. आपल्या क्रीडा पानानेही ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे